गीत कोणाचे? : नभोवाणीच्या निवेदनाविषयी काही विचार

नभोवाणीवरील संगीताची चर्चा आपल्याकडे बहुधा अभिरुचीच्या अंगाने होत आली आहे. शास्त्रीय संगीताचा वेळ आटला, भावगीत मागे पडले, चित्रपटगीताने जागा व्यापली, खाजगी एफ.एम. केंद्रे आली आणि उरलेसुरलेही गेले, असा एक उतरता आलेख मांडला जातो. त्यातून मांडणाऱ्याचे वय तेवढे कळते. प्रस्तुत लेखात या आलेखाऐवजी एका अगदी लहान संहितेकडे लक्ष वेधावयाचे आहे. गीत लागण्यापूर्वी किंवा संपल्यावर निवेदक जी एकदोन वाक्ये बोलतो, म्हणजे गीत कोणाचे, संगीत कोणाचे, स्वर कोणाचा, ती ही संहिता होय. संगीताचा साचा (ज्याला या व्यवसायात 'फॉरमॅट' म्हणतात) बदलतो तेव्हा वाजणारी गाणी तर बदलतातच. पण कोणाचे नाव उच्चारावयाचे आणि कोणाचे नाही याचा नियमही बदलतो. साहित्याच्या अभ्यासकाला पहिल्या बदलापेक्षा या दुसऱ्या बदलाशी अधिक कर्तव्य असावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

मिशेल फूको यांनी १९६९ साली लेखकाचे नाव ही एक व्यवस्था आहे, संहितांचे वर्गीकरण करण्याचे ते एक साधन आहे, अशी मांडणी केली. जेरार झेनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाचे शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना इत्यादींचा 'उंबरठे' म्हणून विचार केला. या दोघांच्याही डोळ्यांपुढे छापील ग्रंथ होता. नभोवाणीला मुखपृष्ठ नसते. निवेदन हेच तिचे मुखपृष्ठ असते, आणि ते उच्चारताक्षणीच नाहीसे होते. ऐकणाऱ्याने ते चुकवले तर मागे पान उलटून पाहण्याची सोय नाही.

हा प्रश्न मुंबईत बसून पाहिला तर एक दिसतो आणि टोकावड्याहून पाहिला तर दुसरा. टोकावडे हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचे गाव, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरळगावच्या पुढे. या पट्ट्यात कुणबी आणि आगरी वस्तीबरोबर ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. गाण्याला येथे तोटा नाही. लग्नातले धवळे, गौरीची गाणी, सप्ताहातील भजने, ठाकरांचा कांबडनाच असे बरेच काही येथे गायले व नाचले जाते. नभोवाणी केंद्र मात्र नाही. येथले 'स्थानिक' केंद्र म्हणजे मुंबई. ५५८ किलोहर्ट्झवरील 'मुंबई ब', जिचे पुढे अस्मिता वाहिनी असे नामकरण झाले. स्वतःची गाणी भरपूर, पण निवेदन मात्र दुसरीकडून येणारे, अशा ठिकाणाहून पाहिले म्हणजे निवेदनाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

येथे थोडे मागे जावे लागेल. मराठी मौखिक परंपरेने नावाचा प्रश्न फार पूर्वी आणि फार समर्थपणे सोडवला होता. अभंगाच्या अखेरच्या चरणात नामा, जनी, चोखा, तुका यांची नाममुद्रा येते. एकनाथांची मुद्रा तर गुरूचे नाव बरोबर घेऊन येते. शाहिरांनीही तीच रीत उचलली. लावणीच्या शेवटी होनाजी किंवा राम जोशी आपले नाव गुंफतो. या मुद्रेचा विचार आपण बहुधा भक्ताचा विनय किंवा शाहिराचा अभिमान म्हणून करतो. परंतु तिचे एक अगदी व्यावहारिक कार्य आहे. जी रचना कागदावाचून, तोंडातोंडी, शेकडो कोस आणि शेकडो वर्षे प्रवास करणार आहे, तिला आपले मुखपृष्ठ आपल्याबरोबरच न्यावे लागते. नाव संहितेच्या आत असल्यामुळे गाणाऱ्याला ते वगळता येत नाही. वगळले तर चरण मोडतो. मुद्रा बनावटही घालता येते आणि ती घातली गेली आहे, हे खरे. तुकारामांच्या गाथेच्या संपादकांना त्याचा त्रास झालेला आहे. पण बनावट मुद्रा घालावीशी वाटणे हीच त्या नावाच्या सामर्थ्याची खूण नव्हे काय?

(नावाच्या टिकाऊपणाचा एक विलक्षण पुरावा टोकावड्यापासून फार दूर नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज प्रतिमा भंगून गेल्या आहेत; पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत.)

छापखान्याने नाव रचनेच्या बाहेर काढले आणि पानाच्या डोक्यावर नेऊन ठेवले. आधुनिक कवीला मुद्रेची गरज उरली नाही. नभोवाणी आली तेव्हा वस्तुतः ती मौखिकतेकडे परतण्याची संधी होती. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या युगाला 'दुय्यम मौखिकता' म्हटले ते याच अर्थाने की ही मौखिकता लेखनावर आणि मुद्रणावर उभी असते. नावाच्या बाबतीत तर नभोवाणीने मुद्रणाचीच रीत पुढे चालवली. भावगीत लिहिणारा कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव घालत नाही. ते निवेदक सांगेल, असा त्याचा विश्वास असतो. म्हणजे गीताने आपले नाव एका संस्थेच्या हवाली केले. ही संस्था कधी ते नाव सांगणार नाही, ही शक्यता त्या वेळी कोणाच्या मनात आली नसावी.

वास्तविक तसे घडायला वेळ लागला नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी चित्रपटगीतांवर निर्बंध घातले, ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली, हेही सर्वांस ठाऊक आहे. त्या धोरणातील एका कलमाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, म्हणून ते उच्चारावयाचे नाही, फक्त गायकाचे नाव सांगावयाचे, असे ठरले होते. निर्मात्यांनी आपल्या गीतांच्या प्रसारणाचे परवाने काढून घेतले त्यामागे या नाव गाळण्याचा मोठा भाग होता. भांडण संगीताच्या दर्जाचे म्हणून आपण लक्षात ठेवले. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी निवेदनाचे भांडण होते.

त्याआधी तीन वर्षे याच्या उलट घडले होते. 'महल' (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापलेले होते. ऐकणाऱ्यांनी हा आवाज कोणाचा म्हणून नभोवाणीकडे चौकशी केली आणि लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांपर्यंत पोचले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पार्श्वगायिकेचे नाव सार्वजनिक होण्याचा तो क्षण म्हणून तिचे महत्त्व आहेच. पण त्या गीताचे शब्द नक्शब यांचे होते, आणि त्यांच्या नावाची चौकशी झाल्याची कोणतीही आख्यायिका नाही. आवाजाच्या माध्यमात आवाजालाच नाव मिळावे हे स्वाभाविक म्हणता येईल; परंतु साहित्याच्या अभ्यासकाने ते स्वाभाविक मानून पुढे जाऊ नये.

मराठीत याला एक सन्मान्य अपवाद घडला, आणि तो आकाशवाणीनेच घडवला. चित्रपटगीताला पर्याय म्हणून 'सुगम संगीत' नावाचा जो विभाग उभा राहिला, त्याने कवीला नियमितपणे आणि नावानिशी श्रोत्यांपुढे आणले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेले 'गीतरामायण' हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. केंद्राचे सीताकांत लाड, कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. ही छप्पन्न गीते वर्षभर ठराविक दिवशी, ठराविक वेळी लागत. कार्यक्रमपत्रिकेतील तो ठराविक वेळ हा त्या काव्याच्या रचनेचाच एक घटक होता, असे माझे मत आहे. दर आठवड्याला एक गीत, प्रत्येक गीत एका पात्राच्या तोंडी, मागचा धागा निवेदनाने जोडून दिलेला. हा बंध महाकाव्याचाही नव्हे आणि भावगीतसंग्रहाचाही नव्हे. तो नभोवाणीचा बंध आहे. मागाहून ग्रंथरूपात वाचताना गीतांमधल्या ज्या फटी जाणवतात, त्या प्रसारणात निवेदकाच्या आवाजाने भरलेल्या असत.

तरीही आपल्या समीक्षेने या साऱ्याकडे पाहिले ते 'कवी' आणि 'गीतकार' अशी एक भिंत मध्ये घालून. पी. सावळाराम यांचे उदाहरण घ्या. ठाणे शहराचे नगराध्यक्षपद भूषवलेला हा कवी मराठी घरांत सकाळ-संध्याकाळ ऐकला गेला. 'जनकवी' म्हणून ओळखला गेला. वाङ्मयेतिहासाच्या पानांवर मात्र त्याला मिळालेली जागा निवेदकाने दिलेल्या जागेहून फारशी मोठी नाही. निवेदकाचे तेवढे एक वाक्य नसते तर तीही मिळाली नसती. आणखी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. मराठीत कलाकृतीच्या स्वायत्त घाटाचा सर्वांत आग्रही सिद्धान्त मांडणारे बा. सी. मर्ढेकर हे नभोवाणीचेच अधिकारी होते. त्यांनी नभोवाणीसाठी संगीतिकाही लिहिल्या. लयीच्या निखळ संबंधांपलीकडचे सारे कलाबाह्य मानणारा विचारवंत अशा संस्थेत काम करीत होता की जेथे प्रत्येक कृतीला आधी नाव आणि मिनिटे द्यावी लागत. त्यांच्या सौंदर्यशास्त्रात या अनुभवाचा मागमूस लागत नाही. का लागत नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आता 'लोकसंगीत' या साच्याकडे वळू. येथे निवेदनात एक शब्द येतो : 'पारंपरिक'. व्याकरणदृष्ट्या तो कवीच्या नावाच्या जागी येतो. 'गीत ग. दि. माडगूळकर' आणि 'गीत पारंपरिक' यांचा वाक्यबंध एकच आहे. हा शब्द निरुपद्रवी दिसतो. किंबहुना रचना कोणा एकाची नाही, समूहाची आहे, असा आदरच त्यातून सूचित होतो. परंतु कोणता समूह? मुरबाडचा की महाडचा, आगरी की कुणबी, बायकांचा की पुरुषांचा, हे 'पारंपरिक' सांगत नाही. तो शब्द समूहाचे नाव घेत नाही. नावाची गरज नाही एवढेच तो जाहीर करतो.

धवळ्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ठाणे-रायगड पट्ट्यात लग्नविधीत धवळे गाणारी धवळारीण असते. तिच्या गाण्यावाचून कित्येक ठिकाणी लग्न लागत नसे. हाच शब्द मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तेराव्या शतकात भेटतो. महदंबेचे धवळे, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरचे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून महदंबेचे नाव आपण घेतो ते महानुभावांनी ग्रंथ जपले, लेखनाची शिस्त पाळली म्हणून. रचनाप्रकार तोच, प्रसंग तोच, गाणारी स्त्रीच; परंतु एकीचे नाव पोथीत गेले आणि दुसरीच्या वाट्याला 'पारंपरिक' हे विशेषण आले. धवळारीण केवळ पाठ म्हणते, रचत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो फसवा आहे. वधूवरांची नावे, गाव, सोयरे, विधीतील त्या त्या क्षणाची गरज यांनुसार ती रचनेत भर घालते, गाळते, जुळवते. ज्याला आपण 'आविष्कार' म्हणतो त्यातला बराच भाग तेथे घडत असतो. लोकसंगीताच्या पंधरा मिनिटांत मात्र विधी गळतो, नावे गळतात आणि चाल तेवढी उरते. मग ते गीत खरोखरच कोणाचेही नसते, कारण कोणाचे तरी असण्याची खूण त्यातून आधीच काढून टाकलेली असते.

ठाकरांच्या बाबतीत आणखी एक वळण आले. 'जैत रे जैत' (१९७७) हा जब्बार पटेल यांचा चित्रपट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेला. त्याचा नायक नाग्या हा ठाकर आहे, ढोल वाजवणारा आहे, आणि चित्रपटाची सारी उभारणी गाण्यांवर आहे. गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. ही गीते आकाशवाणीवरून अमाप वाजली आणि त्यांनी ठाकरी बोलीचा, ठाकरी ठेक्याचा एक प्रत्यय मराठी मध्यमवर्गाला दिला. महानोर हे अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे कवी. सह्याद्रीच्या या बाजूच्या माणसांसाठी त्यांनी जी भाषा घडवली तिच्यातील काव्यगुण वादातीत आहेत. चोरीचा वगैरे आरोप येथे करावयाचा नाही. तो उथळ ठरेल. मुद्दा निवेदनाचा आहे. ठाकरी गाणे आपल्या वाडीत असते तेव्हा ते 'पारंपरिक' आणि अनामिक. ते चित्रपटात शिरते तेव्हा त्याला कवी, संगीतकार, गायक अशी तीन नावे एकदम मिळतात. मुरबाडच्या एखाद्या ठाकरवाडीत हे गीत ऐकणाऱ्याला आपले काही तरी परत येत आहे असे वाटले असेल, आणि त्याच वेळी ते दुसऱ्या कोणाच्या नावाने येत आहे हेही ऐकू आले असेल. 'देशीयते'च्या चर्चेत आपण देशी आशय आणि देशी शैली यांबद्दल पुष्कळ बोललो. देशी सामग्रीला नाव कोणत्या क्षणी चिकटते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही.

खेड्यातील नाव मुळीच उच्चारले जात नव्हते असे नाही. 'आपली आवड'सारख्या फर्माइशीच्या कार्यक्रमांत पत्रे पाठवणाऱ्यांची नावे गावांसह वाचली जात. हिंदीत या प्रथेने झुमरी तलैया हे दूरचे गाव घरोघर पोचवले. म्हणजे गावाला नभोवाणीवर नाव मिळण्याचा एक हमरस्ता होता, तो मागणाऱ्याचा. गाव ऐकू शकत होते, मागू शकत होते. रचू मात्र शकत नव्हते. ही विभागणी कोणी बसून ठरवली नव्हती, म्हणूनच ती इतकी पक्की झाली.

या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने दूरवर जातात. मुंबईच्या केंद्राला त्यामुळे एकच एक श्रोता कल्पिता येत नसे. 'कामगारसभा'ही हवी आणि शेतकऱ्यासाठीचा कार्यक्रमही हवा. एफ.एम.च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगराला अडतात. त्याहून महत्त्वाचे असे की खाजगी एफ.एम.चा परवाना शहराला मिळतो. मुंबईत २००२ साली खाजगी केंद्रे सुरू झाली ती मुंबई शहराची म्हणून. त्यांचा कल्पित श्रोता गाडीत बसलेला, जाहिरातदाराला हवा असलेला शहरवासी. या केंद्रांच्या साच्यांतील बदल पाहण्यासारखे आहेत. 'गो ९२.५' प्रामुख्याने इंग्रजी गाण्यांचे म्हणून निघाले, पुढे 'रेडिओ वन' होऊन हिंदीकडे गेले, काही वर्षांनी पुन्हा इंग्रजीकडे वळले. या हेलकाव्यात मराठी हा पर्यायच नव्हता. पण त्याचाही विषाद मी येथे बाजूला ठेवतो, कारण मराठी गीत लागले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. या साच्यात गाण्याचा कवी बहुधा सांगितलाच जात नाही. दोन गाण्यांच्या मधली जागा केंद्राच्या नावाने, त्याच्या सुरावटीने आणि निवेदकाच्या स्वतःच्या नावाने भरलेली असते. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीसंबंधी 'प्रवाह' ही संकल्पना मांडली. सुट्या कृतींऐवजी अखंड ओघ हाच ग्राहकाचा अनुभव होतो, असे तिचे सार. ओघात नाव हा अडथळा असतो. निवेदन करण्यासाठी थांबावे लागते, आणि थांबले की श्रोता दुसऱ्या केंद्रावर जातो.

मुद्रा सोडून दिलेल्या गीताची खरी कसोटी येथे लागली. अभंग अशा ओघात सापडला तरी तुकाराम त्यात ऐकू येतात. शांता शेळके ऐकू येत नाहीत. 'पारंपरिक' हा शब्दही आता उच्चारला जात नाही. एका विचित्र अर्थाने धवळारीण आणि आधुनिक गीतकार एकाच पंक्तीला येऊन बसले आहेत.

कायद्याला ही गोष्ट सुचली, समीक्षेला नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीत गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनाचे हक्क काही अंशी अहस्तांतरणीय केले गेले. या मागणीसाठी जावेद अख्तर यांनी संसदेत आणि बाहेर केलेला पाठपुरावा सर्वश्रुत आहे. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-ड मध्ये प्रसारणसंस्थांना वैधानिक परवान्याची सोय करून देताना एक अट घातली आहे. प्रसारणाबरोबर रचनेच्या कर्त्यांची आणि प्रमुख कलावंतांची नावे जाहीर करावीत, अशी ती अट. निवेदन हे केवळ सौजन्य न राहता वैधानिक कर्तव्य झाले. एखाद्या दिवशी कोणतेही खाजगी केंद्र तासभर ऐकावे आणि ही अट कितपत पाळली जाते ते ज्याचे त्याने ठरवावे.

पण ही अट 'कर्त्यां'साठी आहे. कर्ता कोण हे कायदा छापील पुस्तकाच्या रीतीने ठरवतो, आणि ज्याच्या नावाच्या जागी 'पारंपरिक' आहे त्याच्यासाठी ती अट बोलत नाही. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे काढता येऊ लागली, आणि म्हसवडला माणदेशी संस्थेचे केंद्र उभे राहिले. अशा केंद्रावर गाणारी बाई आणि ऐकणारी बाई एकाच पंचक्रोशीतल्या असल्याने 'पारंपरिक' म्हणून भागत नाही. ती कोणाची कोण हे विचारले जातेच. निवेदनाच्या दृष्टीने याहून काटेकोर नमुना नभोवाणीबाहेर सापडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले, आणि जे २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आले आहे, त्यात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदलेले असते. तीच ओवी दुसऱ्या गावात दुसरीने म्हटली तर तिचीही वेगळी नोंद होते, वेगळ्या नावाने.